जिच्या हातात पळी होती

त्या फेब्रुवारीत मी भात सोडला होता.

इरा आणि ओम, तुम्हाला हे वाक्य विचित्र वाटेल. पर्थच्या तुमच्या घरी आठवड्यातून चारदा पास्ता होतो. तिथे कोणी भात सोडला काय आणि धरला काय, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण मी रत्नागिरीकडची. पोळ्या कितीही खाल्ल्या तरी शेवटचा दहीभात पोटात गेल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. आमच्याकडच्या बायका देवाकडे काही मोठं मागायचं असलं की आपल्या आवडीची एखादी वस्तू सोडत. माझ्या भावाच्या टायफॉइडमध्ये माझ्या आईने गूळ सोडला होता. मी भात सोडला, कारण तुमचे आजोबा जेवत नव्हते.

गेल्या महिन्यात ओमने फोनवर विचारलं, "आजी, तू वॉरमधल्या कुठल्या सोल्जरला ओळखायची का?" त्याच्या शाळेत एप्रिलमधल्या स्मृतिदिनाची तयारी चालली होती. मी म्हटलं, सोल्जरला नाही, पण सैन्यातल्या एका नर्सला ओळखत होते, आणि ती तुमच्याच देशातली होती. ओम म्हणाला, "कूल! मग सांग ना." पण फोनवर सांगण्यासारखी ती गोष्ट नाही. ती सांगायची तर माझ्या मूर्खपणापासून सुरुवात करावी लागते, आणि आजीचा मूर्खपणा नीट बसून, क्रमाने लिहिलेला बरा.

तुमचे आजोबा तेव्हा नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. वीस वर्षं त्यांनी इतरांना झोपवलं आणि सुखरूप उठवलं. स्वतःचं पोट दुखतंय हे मात्र ते आठ महिने लपवत राहिले, आणि जानेवारीत एका सकाळी स्वयंपाकघराच्या जमिनीवर कोसळले. अल्सर फुटला होता. ऑपरेशन झालं, मग आत पू झाला, म्हणून दुसरं ऑपरेशन. ज्या वॉर्डात ते रुबाबात राउंडला जायचे, त्याच वॉर्डात, कालपर्यंत त्यांना 'सर' म्हणणाऱ्या पोरांसमोर, मागे उघडा असलेला तो गाऊन घालून पडून राहणं त्यांना फार लागलं असावं. जखम भरली, ताप गेला, पण अन्न जाईना. सूप आणलं की म्हणायचे, "ठेव, नंतर घेतो." नंतर कधी येत नसे. नाकातून नळी घातली, ती त्यांनी दोनदा स्वतःच काढून टाकली आणि ज्युनियर डॉक्टरला ऐकवलं, "मला माझे हक्क माहीत आहेत, यंग मॅन." मी दोन वेळा मऊ भात करून नेला, त्याचं झाकणसुद्धा उघडू दिलं नाही. सर्जन भला माणूस होता. त्याने मला कॉरिडॉरमध्ये थांबवून सांगितलं, "माझं काम झालंय, मिसेस. आता त्यांना जगावंसं वाटायला हवं. ते मला टाक्यांनी जोडता येत नाही."

तुमची आई तेव्हा एडिंबराला शिकत होती. ती रोज फोन करून एकच प्रश्न विचारायची, तिच्या त्या मराठीत: "बाबांनी काही खाल्ली का?" मी तिची चूक सुधारायची, 'खाल्लं' म्हण, आणि तेवढ्यात उत्तर द्यायचं टळायचं.

मी लायब्ररीत काम करणारी बाई, मला सगळं लिहून ठेवायची सवय. एका छोट्या वहीत मी रोज लिहायची: सूप सहा चमचे, कस्टर्ड दोन चमचे, दूध नाही. एका सोमवारी तेवढंही कमी झालेलं दिसलं, तेव्हा घरी येऊन मी देवघरासमोर बसले. देवघर म्हणजे स्वयंपाकघरातलं एक कपाट. त्यात माझ्या आईने लग्नात दिलेली अन्नपूर्णा होती, अजूनही आहे. करंगळीएवढी पितळेची मूर्ती, वाटीतल्या तांदळात बसलेली, हातात एक पळी. मी तिला म्हटलं, हे आपल्या पायांनी या घरात परत येईपर्यंत मी भाताला शिवणार नाही. आता वाटतं, मी प्रार्थना केलीच नव्हती, सौदा केला होता. आणि तोही अन्न देणारीशी, अन्न नाकारून.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मी हे आजोबांना सांगितलं. वाटलं, त्यांना धीर येईल.  ते म्हणाले, "म्हणजे आता तुझ्या उपासमारीचंही पाप माझ्याच डोक्यावर? बरं." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

आता शेजारणीचं सांगते. आमच्या डावीकडच्या घरात मिस हेडली राहायच्या. सत्तरीच्या, उंच, काटक, पाठ एकदम सरळ. निवृत्त नर्स आहेत एवढंच ठाऊक होतं. नॉटिंगहॅमला बसवाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळे एकमेकांना लाडाने 'डक' म्हणतात. मिस हेडली चाळीस वर्षं तिथे राहूनही तसं म्हणत नसत. त्या 'गर्ल' म्हणायच्या, पन्नाशीला टेकलेल्या मलासुद्धा. त्यांचे उच्चार थोडे निराळे होते, पण मला वाटायचं, इंग्लंडमधल्याच कुठल्यातरी गावचे असतील.

या आजारपणाच्या दोन वर्षं आधी त्यांना फ्लू झाला होता. चार दिवस पडदे उघडले नाहीत म्हणून मी मऊ भात केला, अगदी पातळ, पेजेसारखा. वर तूप घालायचं होतं, ते वेगळ्या वाटीत घेतलं, मेतकूट एका पुडीत बांधून घेतलं, आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी झाकण उचललं. त्यांचा चेहरा भांड्यातल्या भातासारखाच पांढरा झाला. "प्लीज. घेऊन जा हे," असं म्हणून त्यांनी दार लावलं. धाडकन नाही, पण लावलं.

मला काय वाटलं असेल ते तुम्हाला कळेल. त्या काळात आमच्या स्वयंपाकाच्या वासाबद्दल बोलणारे शेजारी होतेच. मी घरी येऊन रडले. आजोबा म्हणाले, "अगं, मेतकूट नसेल आवडलं." मला हसू आलं नाही. आठवड्याने आमच्या पायरीवर लिंबाच्या मुरांब्याची एक बरणी आली, खाली चिठ्ठी: सॉरी. ती बरणी मी न उघडता लायब्ररीच्या सेलमध्ये देऊन टाकली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही 'गुड मॉर्निंग'च्या पुढे गेलो नाही. ते मी मानाने म्हणायची, त्या खाली बघून.

भात सोडल्यावर पाचव्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी हॉस्पिटलमधून बसने परत आले. रस्त्यावर विरघळलेल्या बर्फाचा चिखल झाला होता. भाताशिवाय पानावर बसवत नव्हतं, त्यामुळे ते पाच दिवस मी जवळजवळ चहावरच काढले होते. गेटची कडी हातात धरली, एवढं मला आठवतं. त्यानंतरची आठवण म्हणजे एक आवाज. "डोकं खाली. गुडघ्यांमध्ये. असं. आता श्वास घे, गर्ल." चाळीस पेशंटना एका हाकेत उठवू शकेल असा तो आवाज होता. सत्तरीच्या त्या बाईने मला एकटीने उचलून उभं केलं, माझ्याच पर्समधून किल्ली काढली, आणि माझ्याच स्वयंपाकघरात मला खुर्चीवर बसवलं.

त्या अर्थात इंग्रजीतच बोलायच्या. मी मात्र ते माझ्या मनात साठलेल्या मराठीत लिहिते आहे. इंग्रजीत तू आणि तुम्ही सारखेच, पण माझ्या कानांना त्या मला 'तू' म्हणत आणि मी त्यांना 'तुम्ही'.

"शेवटचं कधी जेवलीस?"

"सकाळी."

"काय?"

"चहा."

"चहा हे जेवण नाही. ब्रेड कुठे ठेवतेस?"

मी बोट दाखवलं. त्यांनी चुकीचं कपाट उघडलं, आणि समोर अन्नपूर्णा. सकाळचं फूल, उदबत्तीची राख. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता या बाई काय म्हणतील?

"ही कोण?" त्यांनी हळू विचारलं.

"अन्नपूर्णा. जेवण देणारी देवी."

"हातात काय आहे तिच्या?"

"पळी. वाढायची."

"आणि ती तांदळात बसली आहे."

"हो."

त्यांनी कपाटाचं दार लावलं नाही. ब्रेड शोधून टोस्ट केला, लोणी लावलं, माझ्यासमोर ठेवला आणि समोरच्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "मला तुझी एक माफी मागायची राहिली आहे. चिठ्ठीत मावण्याइतकी लहान नव्हती ती."

मग त्यांनी सांगितलं. त्या ऑस्ट्रेलियाच्या, तुमच्या पर्थपासून फार लांब, मेंढ्यांच्या एका मोठ्या रानातल्या. पंचविसाव्या वर्षी सैन्यात नर्स झाल्या आणि महायुद्धात सिंगापूरला गेल्या. सिंगापूर पडायच्या आधी त्यांना ज्या बोटीतून बाहेर काढलं, ती बोट बॉम्बने बुडवली. एका फळीला धरून त्या रात्रंदिवस समुद्रात होत्या. किनाऱ्याला लागल्या तेव्हा जपानी सैनिकांच्या हाती सापडल्या. पुढची साडेतीन वर्षं सुमात्राच्या जंगलातल्या कैदी छावणीत गेली. नर्सेस होत्या, आणि पकडलेल्या इतर बायका आणि मुलंही. औषध नाही, साबण नाही, मच्छरदाणी नाही. मलेरिया आणि हगवण सगळ्यांना. नर्सेस स्वतः तापात असायच्या आणि त्यातून उठून पाळीपाळीने दुसऱ्यांची ड्यूटी करायच्या. कोणी गेलं तर खड्डाही त्याच खणायच्या. आणि खायला भात. म्हणजे खडे आणि अळ्या निवडून उरलेल्या तांदळाची पातळ पेज, दिवसातून दोनदा, माणशी एक पळी.

"पळी माझ्या हातात असायची," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी मिळून मला निवडलं होतं. माझा हात थरथरत नसे म्हणून. तुला कल्पना नाही, गर्ल, शंभर डोळे एका पळीकडे बघतात तेव्हा कसं वाटतं. मी ती बांबूच्या चपट्या काठीने सपाट करायची, म्हणजे कुणाला एक दाणा जास्त गेला असं कुणी म्हणू नये. माझी पाळी सगळ्यांच्या शेवटी. मग पातेल्याच्या तळाला जे करपून चिकटलेलं असायचं, ते. त्याचीसुद्धा यादी होती. रोज एकीचं नाव. लोक वाढदिवसाची वाट बघतात ना, तशी आम्ही त्या दिवसाची वाट बघायचो."

"आमच्यात त्याला शब्द आहे," मी म्हटलं. "खरवड."

"खारवाड," त्या म्हणाल्या. दोनतीनदा म्हणून बघितलं. "आमच्याकडे नव्हता शब्द. असता तर बरं झालं असतं."

हे सगळं त्या अशा सांगत होत्या, जणू वॉर्डचं ड्यूटीपत्रक वाचून दाखवत होत्या. कुणाला शिव्या नाहीत, स्वतःचं कौतुक नाही. मी एकदा म्हटलं, "तुम्ही किती धीराच्या." त्यांनी मान हलवली. "आम्ही ड्यूटीवर होतो. युनिफॉर्म फाटला म्हणून ड्यूटी संपत नाही." मी शेक्सपियर शिकलेली बाई, शौर्यावर निबंध लिहून बक्षिसं मिळवलेली. शौर्य म्हणजे काठीने सपाट केलेली पळी, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

"सुटून आले तेव्हापासून," त्या म्हणाल्या, "मला तांदळाचा वास सहन होत नाही. चाळीस वर्षं झाली. तू झाकण उघडलंस आणि मला तोच पांढरा रंग दिसला. तू दिसलीच नाहीस. चूक तुझी नव्हती."

मग मीही बोलले. आजोबांचं सगळं सांगितलं. भात सोडल्याचंही सांगितलं, मान खाली घालून. या बाईसमोर स्वतःहून उपाशी राहिल्याची मला लाज वाटत होती. पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी नर्सच्या पद्धतीने एकेक प्रश्न विचारला.

"डॉक्टरांना, तुझ्या नवऱ्याला, माहीत आहे हे?"

"हो."

"कधी सांगितलंस?"

"मंगळवारी."

"आणि सूप कधी बंद झालं?"

मी पर्समधून वही काढली. सोमवार: सूप चार चमचे, कस्टर्ड एक. मंगळवार, संध्याकाळ: काही नाही. बुधवार: काही नाही. गुरुवार, शुक्रवार: काही नाही. माझ्याच सुबक अक्षरात लिहिलेलं ते, इतके दिवस माझ्या डोळ्यांसमोर होतं, आणि मी वाचलं नव्हतं.

मिस हेडलींनी वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "माझी एक मैत्रीण होती, बेरिल. छावणीच्या तिसऱ्या वर्षी तिने भिंतीकडे तोंड केलं. तसं केलेली बाई चार दिवसांत जायची, आम्हाला ठाऊक होतं. मी माझा सगळा भात तिला द्यायला लागले. मला वाटलं, याहून जास्त माणूस काय देणार? तिने एक घास घेतला नाही. शेवटी म्हणाली, 'तुला खाऊन मी जगू का?' तेव्हा मला कळलं, मी तिला जेवण देत नव्हते, ओझं देत होते. मग मी एकाच भांड्यात आम्हा दोघींचा भात घेतला आणि एकच चमचा. एक माझा, एक तुझा. माझा आधी. तिचा चमचा चुकला तर माझाही चुकणार. ती खायला लागली. ब्रिस्बेनला असते आता, अजून मला पत्रात शिव्या घालते."

त्या उठल्या. कोट चढवला. दारात म्हणाल्या, "उद्या तो भात कर. मला आणला होतास तसाच."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला त्या आल्या, निळा चांगला कोट घालून, केस बांधून. मी तांदूळ धुतले. त्यांनी खिडकी उघडली, बाहेरून बर्फाची हवा आत आली, आणि त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या. भाताला वाफ आली तशी त्यांची बोटं ओट्याच्या कडेला घट्ट झाली. "मिस हेडली, मी एकटी जाईन," मी म्हटलं. "पळी कुठे आहे?" त्यांनी विचारलं. मी दिली. त्यांनी स्वतः डब्यात भात वाढला, आणि पळी सपाट करायला चमच्याचा दांडा फिरवला. सवयीने. कोणी बघत नव्हतं.

वॉर्डची सिस्टर तरुण होती. बाहेरचं अन्न, एका वेळी दोन भेटणारे, असं काहीतरी ती बोलायला लागली. मिस हेडली म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या पेशंटला जेवायला घालायला आले आहे. पडदा ओढाल का?" सिस्टरने "येस, मेट्रन," म्हणून पडदा ओढला. मेट्रन म्हणजे मुख्य नर्स. तसं म्हणायला कोणी सांगितलं होतं तिला? कोणी नाही.

आजोबांनी मान वळवून बघितलं आणि मला मराठीत म्हणाले, "ही बाई इथे कशाला? हिला आपल्या भाताचा तिटकारा आहे ना?"

मी पाच वाक्यांत सांगितलं. बोट बुडाली. साडेतीन वर्षं. हाच भात. पळी यांच्या हातात होती. चाळीस वर्षांत खाल्ला नाही.  डॉक्टर माणूस दुसऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो तसं आजोबा मिस हेडलींच्या चेहऱ्याकडे बघत होते.

मिस हेडलींनी डबा उघडला. मी तूप सोडलं. त्यांनी एक चमचा भरला, आणि आजोबांकडे न नेता स्वतःच्या तोंडाकडे नेला. ज्या हाताची साडेतीन वर्षं सगळ्यांना खात्री होती, तो हात थरथरत होता. त्यांनी डोळे मिटले, चमचा तोंडात घातला. गिळायला त्यांना किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. मग त्यांनी डोळे उघडले. पाणी आलं होतं डोळ्यांत, पण आवाज वॉर्डातलाच.

"एक माझा झाला, डॉक्टर. आता तुमचा."

आजोबांनी तोंड उघडलं.

घास खाली गेला. मला वाटलं, आता परत मिस हेडलींचा. पण चमचा माझ्याकडे वळला होता. माझ्या ओठांसमोर तो मऊ भात, तुपाचा वास. मी मागे सरले. मी शब्द दिला होता. हे अजून आपल्या पायांनी घरी आले नव्हते. मी शब्द मोडला आणि उद्या यांना काही झालं तर? मी मिस हेडलींकडे बघितलं. त्या काही समजावत नव्हत्या, आग्रहही करत नव्हत्या. सरळ पाठीने, चमचा धरून थांबल्या होत्या, पुढची बाई येईपर्यंत वाढणारी थांबते तशा. आणि तेव्हा मला कळलं की मी सहा दिवस जिच्याकडे मागत बसले होते, ती वाढायला आली आहे, आणि मी पान उलटं धरून बसले आहे.

मी तो घास घेतला.

 एक त्यांचा, एक यांचा, एक माझा. तिसऱ्या फेरीला आजोबा घास गिळून, बसक्या आवाजात, मराठीत म्हणाले, "अगं, मेतकूट विसरलीस."

मी हसायला लागले ती रडेपर्यंत. मिस हेडलींनी विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "तक्रार करताहेत जेवणाची." त्या म्हणाल्या, "उत्तम. तक्रार करणारा पेशंट मरत नाही. उद्या ते काय असेल ते घेऊन ये."

त्यानंतर त्या रोज आल्या, आजोबा घरी येईपर्यंत. रोज पहिला चमचा त्यांचा. भात त्यांना कधीच आवडला नाही, हे मला रोज दिसायचं. मार्चमध्ये आजोबा काठी टेकत, आपल्या पायांनी, गेटमधून आत आले. नवस मोडला होता, तरीही आले. त्याबद्दल मी खूप विचार केला आहे. मला वाटतं, अन्नपूर्णेने माझा सौदा कधी ऐकलाच नव्हता. तिने फक्त एवढंच ऐकलं असेल की इथे कोणी जेवत नाही.

आजोबा देव मानत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. ते म्हणाले, "यात चमत्कार कसला? बाई शेजारी राहत होती, शेजारच्या घरातून आली." मी म्हटलं, "हो ना. दोन वर्षं शेजारीच होती. मीच बरणी उघडली नव्हती."

मिस हेडली आणखी सहा वर्षं होत्या. आमच्याकडे जेवायला आल्या की पोळी-भाजी खायच्या, आणि पातेलं रिकामं झालं की गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "आज यादीत कोणाचं नाव आहे?" आजोबा म्हणायचे, "तुमचंच, मेट्रन." मग मी तळातली एवढीशी खरवड उलथन्याने काढून त्यांच्या ताटलीत ठेवायची. तेवढी मात्र त्या मनापासून खायच्या, कुरकुर आवाज करत. शेवटच्या आजारात त्या त्याच हॉस्पिटलात होत्या. कस्टर्ड नको, सूप नको. मी मऊ भात नेला, मेतकूट घालून. पडदा आजोबांनी ओढला. मी चमचा भरून त्यांच्याकडे नेला, तर त्यांनी मान हलवली आणि थकलेल्या आवाजात म्हणाल्या, "तुझा आधी, गर्ल. विसरलीस?" मी माझा घेतला. मग त्यांनी त्यांचा घेतला. दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात धरून चमचा खाली ठेवायला लावला आणि म्हणाल्या, "पुरे. छान वाढलंस."

ओम, तुझ्या स्मृतिदिनाला शाळेत नावं वाचतील. त्यात त्यांचं नसेल, कारण त्या जगून परत आल्या. तू मनात घे. आणि इरा, तुझ्या लग्नात मी तुला अन्नपूर्णा देईन. तिच्यापुढे काही सोडू नकोस. ती वाढते तेव्हा फक्त पान सरळ धर.

तुमच्या आईने मागच्या दिवाळीला मला मोठा नवीन कुकर पाठवला. त्यात डाळ छान होते. भात मात्र मी अजून जाड बुडाच्या पातेल्यातच करते, आणि शेवटी दोन मिनिटं गॅस मुद्दाम मोठा ठेवते. कुकरात खरवड धरत नाही.